वनिताच्या कार्डावर मी मारलेला शिक्का

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं आहे त्याच्याजवळ नाही, होस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीजवळही नाही. आणि न सांगणं मला जड गेलं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. मी मुळातच कमी बोलणारी. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडणारी. अशा मुलीने काही लपवलं तर कुणाला संशय येत नाही. लोक म्हणतात — शांत आहे, गरीब आहे बिचारी.

गरीब. हा शब्द हल्ली मला ऐकवत नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. पण कुठून सुरू करू? शिक्क्यापासून केलं तर तुम्हाला काही कळणार नाही. आधी तांबीबद्दल सांगायला हवं.

तांबी म्हणजे कॉपर-टी. मूल नको असेल तोवर गर्भाशयात ठेवायचं एक छोटंसं साधन, त्याला खाली दोन बारीक दोरे. एमडीच्या दुसऱ्या वर्षी मला सिंदेवाही तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, ते हेच शिकायला. बायकांनी तांबीसाठी मोठ्या दवाखान्यापर्यंत जायचं कशाला, गावातल्या डॉक्टरलाच ती नीट बसवता आली पाहिजे — असा त्यामागचा विचार. चांगला विचार होता. आजही म्हणते, चांगला होता. आधी प्लास्टिकच्या गर्भाशयावर सराव करायचा, मग शिकवणाऱ्या मॅडमच्या डोळ्यांसमोर बाईवर. प्रत्येक बाईची एका वहीत नोंद, खाली मॅडमची सही. ठरलेल्या सह्या झाल्या की तुम्ही शिकलात.

हात माझा चांगला होता. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, ही शिवणकाम करत असणार. पण त्या वहीत हातांच्या आधी एक पान होतं — बाईशी बोलण्याचं. पाळी कशी येते, नवऱ्याशी संबंध, मुलं किती, गेलेली किती, तांबी म्हणजे काय, ती कधीही काढता येते, नको असेल तर नको. हे सगळं मला इंग्रजीत घडाघडा म्हणता यायचं. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. इंग्रजीत या शब्दांना अंगच नसतं. मराठीत तोच शब्द उच्चारायला गेलं की समोर एक जिवंत बाई असते आणि ती आपल्याकडे बघत असते. मी कागदाकडे बघून वाचायची. बायका आपापसात हसायच्या, मग शबाना सिस्टर माझ्या वाटचं बोलायच्या.

शबाना सिस्टर ब्रह्मपुरीच्या. वडील शिंपी. बोलायला बसल्या की बाई पाच मिनिटांत सासूपासून शेळीपर्यंत सगळं सांगून मोकळी. मला म्हणायच्या, "मॅडम, तुमाले पगार बोलाचा भेटला असता तर उपाशीच राह्यल्या असत्या न तुमी."

आता शिक्का. आमच्याकडे पद्धत अशी होती की गरोदर बाई तपासणीला येते तेव्हाच तिला विचारायचं — बाळंत झाल्या झाल्या तांबी बसवायची का? ती हो म्हणाली तर तिच्या कार्डावर निळा शिक्का. कारण कळा सुरू झाल्यावर विचारणं हे विचारणं नव्हेच. त्या वेळी बाई कशालाही हो म्हणते. बाळंतखोलीत सिस्टर कार्ड उघडून बघणार, शिक्का असेल तरच तांबीचं पाकीट ट्रेमध्ये येणार. एवढा एक शिक्का काय तो बाई आणि आमच्यामध्ये उभा होता.

वनिता माझ्यासमोर बसली तेव्हा तिला सातवा महिना होता. घरची धानाची शेती, स्वतः दहावी झालेली, माझ्यापेक्षा वर्षभराने लहानच असेल. मी कागद वाचायला लागले तर म्हणाली, "बाई, माह्याकडं पाहून बोला न. कागद काय सांगते तुमाले?" आणि हसली. मीही हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी एका बाईशी नीट बोलले. सगळं पान, न अडखळता. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नाई जी. पहिलं लेकरू आठ दिवसांत गेलं माहं. हे जगते का पाहू. आता मले तांबी नाई पायजे."

इतकं स्वच्छ. मला प्रत्येक शब्द कळला होता. हे मी का सांगते? कारण पुढे कधी चौकशी झालीच तर, मला इकडची बोली नीट समजली नाही असं सांगायचं, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते उत्तर मी होस्टेलच्या आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

वनिता बाळंत झाली ती एका बुधवारी, दुपारी. बुधवारी मॅडम यायच्या. त्या दिवशी सकाळीच त्यांनी सगळ्यांसमोर माझी वही उघडली होती. "तीन महिने झाले. तुझ्या बोलण्याने एक तरी बाई तयार झाली का? हात सुंदर आहे, तोंड कुठे ठेवून आलीस?" वाईट नव्हत्या त्या. शिकवायलाच बोलत होत्या. पण माझ्याबरोबरचे दोघं डॉक्टर हसले आणि माझे कान तापले, ते दुपारपर्यंत तापलेलेच होते.

मुलगी झाली. बारीक होती, पण रडली चांगली. शबाना सिस्टर तिला घेऊन बाजूच्या टेबलाकडे गेल्या. वार पडली. मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"हिच्याशी कोण बोललं होतं?"

"मी."

हे खरंच होतं, नाही का?

"मग, तयार आहे?"

मी मान हलवली. शब्दसुद्धा वापरला नाही. न बोलणाऱ्या मुलीची मान, खाली-वर, एकदा.

"शिक्का?"

"मारायचा राहिला," मी म्हणाले.

पाकीट मी स्वतः घेतलं, फोडलं. तांबी बसवू लागले. वनिता दमली होती, मुलीकडे मान वळवून बघत होती. मध्येच तिने विचारलं, "अजून काय करून राह्यले जी?" मी म्हणाले, "थोडंच राहिलंय." मग तिने डोळे मिटले. माझ्यावर विश्वास ठेवून मिटले, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. दमली होती म्हणून मिटले. विश्वासाचा प्रश्नच तिच्यासमोर नव्हता. तिला काही कळलंच नव्हतं.

नंतर ऑफिसात जाऊन मी तिच्या कार्डावर शिक्का मारला. पॅड सुकलेलं होतं, दोनदा दाबावा लागला. वहीत मॅडमची सही झाली. चहाच्या वेळी मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "हिने तोंड उघडलं बरं का शेवटी," आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले. खरोखर लाजले — गालावर रक्त आलं, छान वाटलं.

वनिता तीन दिवस वॉर्डात होती. त्या तीन दिवसांत मी तिच्या खाटेजवळ दोनदा गेले. मुलीचं वजन केलं, टाके नीट आहेत का पाहिले. सांगायला किती वेळ लागला असता? तुला न विचारता बसवली, नको असेल तर आत्ता काढते. दोन वाक्यं. दूध येतं का, एवढंच विचारून परत आले. पुढच्या महिन्यात माझी तिथली मुदत संपली आणि मी निघून गेले.

एवढ्यावर संपलं असतं तर मी याला शिकतानाची चूक म्हणून गिळून टाकलं असतं. शिकताना चुका होतात, असं आम्ही एकमेकांना सारखं सांगत असतो.

पण एमडी झाल्यावर बंधपत्राचं एक वर्ष सरकारी सेवेत काढायचं होतं, यादीत तेच केंद्र रिकामं होतं, आणि मी ते मागून घेतलं. ओळखीचं आहे म्हणून. नव्या लोकांत जायची मला भीती वाटते म्हणून. वनिता माझ्या मनातही नव्हती, हे ऐकून तुम्हाला कसं वाटतं? मला आता घाण वाटते. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

आल्यावर आठवडाभरात, घरोघरी फिरून आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून कळलं — वनिताची मुलगी चौथ्या महिन्यात तापाने गेली. त्यालाही दीड वर्ष होत आलं. "अन् तेव्हापासून काईच राहत नाई तिले," आशाताई म्हणाल्या. मी रजिस्टर चाळत होते. माझा हात थांबला, आणि मग पुन्हा पानं उलटू लागला. लगेच आठवलं मला. सगळं. मी तिला बोलावून घेतलं का? नाही. तीन महिने मी रोज ओपीडीत बसून ती येऊ नये असं म्हणत राहिले.

ती आली. सोबत सासू. किती वाळली होती. पाळीत फार रक्त जातं, कंबर दुखते, दिवस राहत नाहीत. गडचिरोलीकडच्या एका वैदूने मुळी दिली होती, ती महिनाभर घेऊन नुसत्या उलट्या झाल्या. नवऱ्यासाठी गोंडपिपरीकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे, हे सासूने तिच्यासमोरच सांगितलं — भांडणाच्या सुरात नाही, शेताची अडचण सांगावी तसं. वनिता खाली बघत म्हणाली, "माह्यातच दोष हाये म्हन्ते सारे. तुमी पाहा न जी एकदा."

सासूला बाहेर बसवलं. शबाना सिस्टरने ट्रे लावला. मी तपासलं.

दोन दोरे. अगदी जिथे असायला हवेत तिथे. माझ्या चांगल्या हाताने बसवलेली तांबी होती ती, जागची जराही हललेली नव्हती.

आता ऐका. इथपर्यंत मी फिरून फिरून आले ते यासाठी. मी चिमट्याने दोरे धरले आणि ओढले. एक मिनिटही लागत नाही. कण्हत वनिताने विचारलं, "काय केलं जी?" आणि मी — जिला कागदाशिवाय बोलता येत नाही — ती मी, स्वच्छ, प्रेमळ आवाजात म्हणाले, "आत सूज होती. सफाई केली. आता होईल सगळं नीट."

तांबी मी गॉजमध्ये गुंडाळली होती. वनिता कपडे सावरून बाहेर गेल्यावर शबाना सिस्टरने ते गॉज उलगडलं.

"मॅडम, हिचं कार्ड कोरं होतं. बाळंत व्हाले आली तेव्हा मीच उघडून पाह्यलं होतं."

मी हातमोजे काढायला लागले.

"सांगून टाका न तिले. बाहेरच बसली हाये. शिव्या देईन, रडन. पण तिच्यात दोष नाई हे तरी कळन तिच्या सासूले."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

सिस्टरने गॉज बादलीत टाकलं. "तुमी मोठ्या डॉक्टर. मी काय बोलू," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. खूप वेळ धुतले त्यांनी हात.

त्यानंतर चौथ्या महिन्यात वनिता आली, दिवस राहिले म्हणून सांगायला. सासूही आली, आणि तिने माझे पाय धरले. पिशवीभर टेंभरं आणली होती, जंगलातून वेचून, पिवळीधमक. वाकलेल्या त्या म्हातारीच्या पांढऱ्या भांगाकडे मी बघत होते आणि माझा चेहरा हसत होता. टेंभरं मी खाल्ली. गोड होती. बिया थुंकत सगळी संपवली.

आणि मग ते गावभर झालं. सफाई करणारी बाई. त्या वर्षात मूल न होणाऱ्या तिघी माझ्याकडे आल्या — आमचीपण सफाई करा म्हणून. त्यांच्यापैकी एक चाळिशीला टेकलेली होती, दोन जीप बदलून आलेली. तपासलं. साफ करण्यासारखं काहीही नव्हतं. बाई, अशी सफाई नसते, तुम्ही दोघांनी चंद्रपूरला जाऊन तपासण्या करा — एवढं म्हणायचं होतं. पण मग वनिताची कशी केली होती, असं तिने विचारलं असतं. म्हणून मी कापसाचा बोळा थंड औषधात बुडवला आणि फिरवला. "झालं," म्हणाले. ती टेबलावर पडल्या पडल्या रडली, आनंदाने. पुढच्या महिन्यात परत आली, अजून एकदा करा म्हणून. तेव्हा शबाना सिस्टर दारातच थांबल्या. "ह्या ट्रेले मी हात नाई लावत," म्हणाल्या, हळू, बाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. मी ट्रे स्वतः लावला. पुन्हा बोळा फिरवला.

कशाची किळस जास्त येते, हे मी स्वतःला विचारलं आहे. मान हलवली त्याची? दोरे ओढले त्याची? त्या बोळ्याची? की या सगळ्यात मला चांगलं वाटत होतं, त्याची? कारण वाटत होतं. लोक नमस्कार करत होते. मी बोलायला शिकले होते. बायका आता माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे बघून, कागद न धरता बोलत असे. समुपदेशन हा शब्द मी वनिताच्या जिवावर शिकले.

बंधपत्र संपलं. मी तिथेच राहिले. आता नव्या रेसिडेंट डॉक्टरांना तांबी बसवायला मीच शिकवते. शिक्का नसेल तर पाकीट फोडायचं नाही, यावर मी फार कडक आहे. मुली माझ्यामागे म्हणतात, मॅडम याबाबतीत एकदम पक्क्या आहेत. एकदा मी हे चोरून ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन खरंच ओकले. मग तोंड धुऊन वर्गात गेले आणि पुढचा मुद्दा शिकवला.

गेल्या महिन्यात वनिता आली. कडेवर मुलगा, सव्वा वर्षाचा, दोन्ही हातांनी तिचे केस ओढणारा. म्हणाली, "आता बसवा जी तांबी. हे चालाले लागलं." माझ्यासोबत एक नवी रेसिडेंट होती — लाजरी, कागदाकडे बघून बोलणारी. वनिता तिला म्हणाली, "घाबरता काऊन? ह्या बाईपासून शिका. ह्याईनच माही सफाई केली होती, म्हनून हा दिसून राह्यला तुमाले."

ती मुलगी कागदावरचे प्रश्न विचारत गेली. मुलं किती. गेलेली किती. पाळी कशी येते. मग वाचलं, "याआधी कधी तांबी बसवली होती का?"

"नाई जी. पहिल्यांदाच. थोडा भेव वाटून राह्यला."

तो प्रश्न उगाच नसतो. आधी तांबीने फार रक्त गेलं असेल तर बाईला ते सांगायचं असतं, दुसरं काही साधन चालेल का ते बोलायचं असतं. वनिताचं किती रक्त गेलं होतं, किती महिने, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तिलाही नाही — ते कशाने गेलं हे तिला कुठे माहीत आहे? शबाना सिस्टरची बदली झाली होती. मुलीने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, जुनी फाईल माझ्या हातात होती म्हणून.

वनिताही माझ्याकडे बघत होती. हसत होती. मुलगा तिच्या नाकात बोट घालत होता.

"लिही," मी म्हणाले. "नाही."

तिने लिहिलं, सुंदर अक्षरात. वनिताने खाली सही केली, मुलाला माझ्या हातात दिलं, चपला काढल्या आणि टेबलावर चढली.